टिचकीमामा

मामांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं नख जाड आहे आणि एका अंगानं झिजलंय. ते टिचकीनं झिजलंय. माठ, टरबूज, गॅसचं सिलिंडर, नव्या फ्लॅटची भिंत, एसटीची खिडकी, आहेरात आलेला स्टीलचा डबा, यांतलं काहीही हाताच्या टप्प्यात आलं की मधलं बोट अंगठ्यामागं दबा धरून बसतं, सुटतं, टक् असा आवाज होतो आणि मामा मान तिरकी करून तो पुरता विरेपर्यंत ऐकत राहतात. विरला की ‘हं’ म्हणतात. या ‘हं’चा अर्थ ‘नाही’ असा आहे. ‘हो’साठी त्यांच्याकडं वेगळा आवाज असणार, पण तो बरीच वर्षं कुणी ऐकला नव्हता.

माठाला टिचकी तशी सगळेच मारतात. उन्हाळ्याच्या तोंडी माणूस बाजारात जातो, दोन-चार माठ वाजवून बघतो, त्यातल्या त्यात बरा वाजेल तो उचलतो, दहा-वीस रुपये कमी करून घेतो आणि घरी येतो. त्याला पाणी गार करायचं असतं. मामांना ते करायचं नसतं. नांदेडमध्ये तरोड्याकडच्या त्यांच्या घरी फ्रिज आहे आणि मामा पाणी फ्रिजमधलंच पितात, तेही बाटलीला तोंड लावून. माठ हा त्यांच्या दृष्टीनं तपासायचा विषय आहे.

तपासणं त्यांच्या हाडात कसं मुरलं ते सांगायला हवं. मामांची सगळी नोकरी सहकार खात्यात, लेखापरीक्षक म्हणून झाली. सोसायट्या, पतसंस्था, दूध संघ, खरेदी-विक्री संघ यांची दप्तरं उघडायची, धूळ झटकायची, बेरजा लावायच्या आणि शेवटी अ, ब, क, ड यांपैकी एक वर्ग द्यायचा. देगलूरपासून औशापर्यंत कित्येक चेअरमननी मामांना जेवायला बोलावलं. मामा जेवत, वर पान खात आणि ब वर्ग देत. ज्यानं धपाट्यांबरोबर लोणी वाढलं त्यालाही ब, ज्यानं नुसता चहा पाजला त्यालाही ब. अ त्यांनी कुणालाच दिला नाही. ‘अ दिला की संस्था सुधारायची थांबते,’ असं त्यांचं म्हणणं. बहुतेक संस्था पुढं सुधारायच्या थांबल्याच, पण तो दोष मामांच्या वर्गवारीचा नव्हता.

तर असा माणूस 1960 चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम तोंडपाठ घेऊन निवृत्त झाला. कलम 81 लेखापरीक्षण, 82 दोषदुरुस्ती, 83 चौकशी, 88 नुकसानीची जबाबदारी. एवढा ऐवज डोक्यात आणि समोर दप्तर नाही. पहिले काही महिने मामींच्या स्वयंपाकघराचं दप्तर तपासण्यात गेले. तूरडाळीचा प्रारंभिक साठा आणि अखेरचा साठा जुळेना तेव्हा मामींनी एके सकाळी पिशवी हातात दिली आणि म्हणाल्या, ‘उन्हाळा लागला, एक चांगला माठ आणा.’ सकाळी गेलेले मामा दिवेलागणीला आले. हात रिकामे होते, चेहरा मात्र उजळलेला होता. इतवाऱ्यातले, वजिराबादेतले झाडून सगळे माठ त्यांनी वाजवले होते आणि एकही पास झाला नव्हता. मामींना माठ मिळाला नाही, पण घर मिळालं. त्या सुटकेचा श्वास टाकतात तोवर कोपऱ्यातल्या पाण्याच्या घागरीतून टक् असा आवाज आला.

मामांची माठाची परीक्षा ऐकण्यासारखी असते. बद्द वाजला तर कुठंतरी चीर आहे किंवा आव्यात कच्चा राहिलाय. इथवर आपल्यालाही कळतं. खणखणीत वाजला तर? आपण म्हणू, चांगला. मामा म्हणतात, ‘फार वाजतोय. जास्त भाजलाय. छिद्रं मिटली. छिद्रं मिटली की पाणी बाहेर पाझरणार नाही, पाझरलं नाही तर वाळणार नाही, वाळलं नाही तर आतलं गार कशानं होणार?’ शास्त्र एकदम बरोबर. माठातलं पाणी गार होतं ते बाहेर झिरपलेलं पाणी वाळताना उष्णता ओढून नेतं म्हणूनच. पण या शास्त्राप्रमाणे बद्द वाजलेला माठही गेला आणि खणखणीत वाजलेलाही. मधला जो काही आवाज उरतो तो मामांच्या मते पूर्वी मिळायचा.

काळा माठ जास्त गार, असं कुणी म्हणालं की मामा त्याला उभ्या उभ्या धडा देतात. माती तीच, आव्याचं तोंड बुजवून धूर आत कोंडला की माठ काळा निघतो, मोकळी हवा लागली की लाल. रंगाला भुलू नये. अलीकडं हमरस्त्याच्या कडेला तोटी बसवलेले आणि पोटावर मोर रंगवलेले माठ मांडलेले असतात. त्यांना मामा टिचकी मारत नाहीत. गाडीतून उतरतच नाहीत. रंगानं छिद्रं बुजवून वर तोटी बसवायची म्हणजे अफरातफर करून वर सत्कार घ्यायचा, असं त्यांचं स्पष्ट मत आहे.

इतवाऱ्याकडच्या एका बोळात एक म्हातारी कुंभारीण बसते. मामांना समोरून येताना पाहिलं की ती माठांवर गोणपाट ओढते.

‘मामा, घ्यायचाय का निस्तं वाजवायचंय?’

‘अगं, दोष कळला तर तुझंच भलं आहे.’

‘मव्हं भलं रोखीत करा की.’

मामा रोखीत भलं करतात, पण नव्या मालाचं नाही. ते विकत घेतात जुनं. कंधार, मुखेड, देगलूरकडचे जुने वाडे पाडून तिथं स्लॅब पडायला लागले तशा माळवदाखालच्या अंधाऱ्या खोल्यांमधून उतरंडी बाहेर आल्या. लोकांनी सागवानी तुळया विकल्या, पितळ मोडीत घातलं आणि मडकी उकिरड्यावर टाकली. मामा उकिरड्याशी उभे. रांजण, मोघे, डेरे, सुरया, येळण्या, बोळकी, सगळं टेम्पोत भरून नांदेडला. माळेगावच्या जत्रेत लोक घोडे पाहायला जातात. मामा तिथं कुणाच्या पालात कसलं गाडगं आहे ते वाकून वाकून बघत फिरतात. दोन खोल्या भरल्या. प्रत्येक वस्तूला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी, चिठ्ठीवर क्रमांक, गाव, वर्ग आणि शेरा. मी काही शेरे उतरवून घेतलेत.

‘क्र. 9. मोघा, मुखेड. पोटाशी डाग, काठ शाबूत. आत उंदीर आढळला. वर्ग क. उंदराचा वर्ग दिलेला नाही.’

‘क्र. 14. सुरई, कंधार. मान बारीक, पोट सुटलेलं. मूळ मालकाशी साम्य. वर्ग ब.’

‘क्र. 22. लोणच्याची बरणी. चिनी माती. या संग्रहाच्या कक्षेत येत नाही. रिकामी करून मिळावी म्हणून मामींना पत्र दिले, उत्तर अप्राप्त.’

एकाच चिठ्ठीवर शेरा नाही. तो रांजण किल्लारीच्या बाजूच्या एका गावातून आलाय. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती बोळवून लोक झोपले होते तेव्हा, ते घर दगडामातीसकट खाली आलं. रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला होता, तो तसाच राहिला. गाव दुसरीकडं वसलं, जुन्या जागी बाभळी वाढल्या, आणि पुष्कळ वर्षांनी त्या घरातल्या उरलेल्या एकानं तो उकरून मामांना दिला. पैसे घेतले नाहीत. मामांनी क्रमांक घातला, गाव लिहिलं आणि चिठ्ठीची मागची बाजू कोरी ठेवली. त्या रांजणाला त्यांनी टिचकी मारलेली मी पाहिली नाही. पाहुण्यांना खोली दाखवताना त्याच्यापाशी आले की ते पुढच्या मडक्याबद्दल बोलायला लागतात.

नांदेडला जागा पुरेना तशी मडकी लातूरला निघाली. तिथं मामांच्या थोरल्या बहीण आहेत, अक्का. त्यांचं घर गंजगोलाईला फुटणाऱ्या सोळा रस्त्यांपैकी एका रस्त्यावर. बहीणभावाचं सख्य मोठं, पण त्याला गावाची किनार आहे. 2009 साली नवं विभागीय आयुक्तालय नांदेडला की लातूरला यावरून दोन्ही जिल्हे एकमेकांवर तापले होते. त्या वर्षी भाऊबीजेला अक्कांनी निरांजन हातात धरून आधी विचारलं, ‘आयुक्तालय कुणाचं?’ मामा म्हणाले, ‘आधी ओवाळ, मग सांगतो.’ अशा अक्कांच्या माळवदावर आणि जिन्याखाली मामांनी निवडक रांजण आणून ठेवले आणि ‘यांत काही भरायचं नाही’ अशी लेखी सूचना भिंतीला चिकटवली.

मग 2016 चा उन्हाळा आला. लातूरला नळ म्हणजे भिंतीतला दागिना झाला होता. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला दहा टाक्या, पाच लाख लिटर. लोक स्टेशनवर गाडीला हार घालायला गेले. बादल्या, पिंपं, हंडे, लेकरांच्या पाण्याच्या बाटल्या, घरात जे पोकळ होतं ते लोकांनी भरून ठेवलं. अक्कांनी भिंतीवरची सूचना वाचली, टराटरा फाडली आणि टँकर आला तशी वर्गीकृत संग्रहातली सगळी भांडी भरून टाकली.

बातमी कळताच मामा पहिल्या एसटीनं लातूरला. मला वाटलं, भांडण होणार. मामांनी भांडण केलं नाही. रांजण भरलेला बघून त्यांचे डोळे चमकले. तोवर त्यांनी सगळी वर्गवारी कोरड्या आवाजावर केली होती. आता प्रत्यक्ष साठ्याची पडताळणी करायची संधी होती. त्यांनी खिशातून शाळेची फूटपट्टी काढली आणि रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येक रांजणात बुडवून पाण्याची पातळी लिहून घ्यायला सुरुवात केली. रकाने आखले: प्रारंभिक शिल्लक, वापर, झिरप, अखेरची शिल्लक, फरक. फरक निघाला की मोठ्यानं विचारायचे, ‘क्रमांक सातमधलं तांब्याभर पाणी कुणी घेतलं? नोंद नाही.’

तिसऱ्या दिवशी अक्का जिन्यात उभ्या राहिल्या. ‘तुझी ती पट्टी काढ रांजणातून. नाहीतर तुलाच बुडवीन. बुडण्याइतकं पाणी नाही म्हणून वाचलास.’

मामांनी पट्टी काढली, पुसली आणि ‘असहकार’ असा शेरा लिहून ते नांदेडला परतले. पण आकडे मिळाले होते ते मिळालेच. बद्द वाजणारा एक मोघा थेंबभर गळत नव्हता आणि ब वर्गाचा एक रांजण रात्रीतून जिन्यात ओघळत होता. मामांनी आठवडाभर विचार केला आणि निष्कर्ष लिहिला: ‘पाणी रेल्वेचे असल्याने चाचणी ग्राह्य नाही.’

लातूरला गेले की मामा तेरला जाऊन येतात. त्यांच्या दृष्टीनं ते मूळपीठ आहे. संत गोरोबाकाकांचं गाव. मुक्ताबाईंनी विचारलं, काका, हे कसलं लाकूड? काका म्हणाले, हे थापटणं, यानं मडकं पक्कं की कच्चं ते कळतं. मग आमची मडकी तपासा, असं ठरलं. काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं, सगळे संत गप्प बसले, नामदेवांनी मात्र तक्रार केली आणि मडकं कच्चं असा निकाल लागला. नामदेव पुढं औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडं गेले. ही कथा आपण भक्तीनं ऐकतो. मामा ती खात्याच्या नजरेनं ऐकतात. ‘बघा,’ ते सांगतात, ‘चाचणी एकच, सगळ्यांना सारखी, जागेवर निकाल आणि अपील नाही. कच्चा म्हणून शेरा बसला, माणूस औंढ्याला गेला, गुरू केला, दोषदुरुस्ती करून आला. कलम 82 म्हणतात ते हेच. आमच्याकडं तीन-तीन स्मरणपत्रं पाठवली तरी चेअरमन औंढ्याला जात नाहीत.’ नरसी नामदेव हिंगोली जिल्ह्यातलं, म्हणजे आपल्या बाजूचं, त्यामुळं निकाल थोडा लागतोच मनाला, हेही ते खासगीत कबूल करतात.

मामा टिचकी माणसांच्या डोक्याला मारत नाहीत, पण लातूरला शिकवणीवर्गांच्या रस्त्यानं जाताना पाठीवर दप्तरं घेतलेल्या पोरांकडं बघून त्यांचं बोट वळवळतं हे मी पाहिलंय.

तेरला दुसरं दैवत म्हणजे तिथलं संग्रहालय. हे प्राचीन तगर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक भाषेत ‘पेरिप्लस’ हा प्रवासग्रंथ लिहिणाऱ्यानं पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं शहर म्हणून त्याची नोंद केलीय. इथला माल भडोचच्या बंदरातून समुद्रापार जायचा. त्या शहराची खापरं, मृण्मूर्ती, मणी गावाच्या पांढरीत पावसानं उघडे पडायचे. रामलिंगप्पा लामतुरे नावाच्या तेरच्याच माणसानं ते आयुष्यभर वेचले, सांभाळले, आणि त्यांच्याच नावानं आज तिथं शासकीय संग्रहालय उभं आहे. मामा लामतुऱ्यांना फार मानतात. सातवाहनकाळच्या मडक्यापुढं ते हात जोडून उभे राहतात, मग सवयीनं पुढं होतात, पहारेकरी ‘हात लावू नका’ म्हणतो आणि बोट तोवर सुटलेलं असतं. काचेवर टक्. ‘हं,’ मामा म्हणतात. ‘काच पातळ आहे.’

इथवरचे मामा मराठवाड्यापुरते होते. त्यांना आंतरराष्ट्रीय केलं अक्कांच्या नातवानं. लातूर पॅटर्नच्या गावात वाढून पोराचे मार्क थोडक्यात हुकले, म्हणून घरच्यांनी त्याला डॉक्टर व्हायला चीनमध्ये धाडलं, जिआंग्सू प्रांतात. 2020 च्या जानेवारीत तिकडं साथ पसरली तसा तो मिळेल त्या विमानानं परत आला आणि मग दोन-अडीच वर्षं लातूरलाच मोबाइलवर शरीरशास्त्र शिकत बसला. येताना त्यानं आजोबांसाठी एक वस्तू आणली होती. मुठीत मावेल एवढी, तांबूस तपकिरी, झिलई नसलेली मातीची चहादाणी.

मामांनी ती तळहातावर घेतली. झाकणाला अगदी हलकी टिचकी मारली. टिंग. मामांनी मान तिरकी केली आणि ती बराच वेळ तशीच राहिली.

पुढचे महिने लातूर ते नांदेड फोन चालू. पोरगं चिनी पानं वाचून मराठीत सांगायचं, मामा वहीत उतरवून घ्यायचे. जिआंग्सूमध्येच ताई सरोवराच्या काठाला यीशिंग म्हणून गाव आहे. तिथल्या डोंगरात खडकासारखी माती निघते, जांभळी, तांबडी, पिवळसर. तिला जीशा म्हणतात. ती दळून, मुरवून तिच्या चहादाण्या करतात. जवळपास अकराशे-बाराशे अंशांवर भाजल्या तरी अंगात बारीक छिद्रं राहतात, म्हणून झिलई द्यायची नाही, साबण लावायचा नाही आणि एका चहादाणीत जन्मभर एकाच जातीचा चहा करायचा. ती चहा पीत पीत वर्षानुवर्षं उजळत जाते. जाणकार ती पारखतात तेव्हा तोटीचं टोक, मधलं तोंड आणि कानाची वरची कड एका पातळीत आहे का बघतात. झाकणाच्या भोकावर बोट ठेवलं की धार जागच्या जागी थांबते का बघतात. आणि बोट उचललं की धार न फाटता कमान धरते का, शेवटचा थेंब तोटीखाली ओघळतो का, तेही बघतात.

आपल्यासारखंच बघणारे लोक जगात आणखी आहेत, तेही पाचशे वर्षांपासून, हे कळल्यावर मामांना किती बरं वाटलं असेल! मात्र इतिहास त्यांनी ऐकला तो आपल्याच पद्धतीनं. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला गोंग चुन नावाचा एक नोकर मालकाबरोबर जिनशा मंदिरात राहिला होता, तिथल्या एका म्हाताऱ्या भिक्षूचं बघून त्यानं उरलेल्या मातीची चहादाणी घडवली, अशी आख्यायिका. ‘मालकाच्या वेळात, मंदिराच्या मालातून,’ मामांनी समासात लिहिलं. ‘कलम 88.’ पुढं चेन मानशेंग नावाच्या माणसानं चहादाण्यांचे नमुने आखले. तो जवळच्या तालुक्याचा अधिकारी होता असं कळल्यावर मामा खुर्चीत ताठ बसले. ‘सरकारी नोकर!’ आणि गु जिंगझोउ. हा विसाव्या शतकातला सर्वांत मोठा उस्ताद. तरुणपणी 1930 च्या दशकात शांघायच्या जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांसाठी त्यानं जुन्या उस्तादांच्या चहादाण्यांच्या नकला केल्या, आणि पुढं त्याच्याच एका चहादाणीला 2010 च्या लिलावात सव्वा कोटी युआनच्या आसपास किंमत आली. मामांनी दोन दिवस फोन केला नाही. आयुष्यभर ज्यांची खोटी व्हाउचरं पकडली ती माणसं डोळ्यांसमोरून जात असावीत.

मग आपल्या चहादाणीची रीतसर चौकशी सुरू झाली, कलम 83 प्रमाणे. बुडाला ठसा होता. पोरानं व्हिडिओवर वाचला: ‘चीन, यीशिंग.’ मामा नाराज. ‘गाव आहे, नाव नाही. सही नसलेलं व्हाउचर.’ बिदरीचे कारागीर बिदरच्या किल्ल्यातली माती जिभेवर ठेवून पारखतात, हे त्यांनी उदगीरच्या पोस्टिंगमध्ये ऐकलं होतं; एके दुपारी मामींनी त्यांना खिडकीशी चहादाणीचं बूड चाटताना पाहिलं. ‘टिचक्या मारून भागेना का आता?’ एवढंच त्या म्हणाल्या.

शेवटी मामा ती रुमालात बांधून इतवाऱ्याच्या कुंभारणीकडं घेऊन गेले. मी बरोबर होतो. म्हातारीनं हात पुसले, चहादाणी घेतली, आत बोट घालून फिरवलं, झाकण काढून घातलं, पुन्हा काढलं.

‘हे चाकावरचं नव्हं.’

मामा उडालेच. यीशिंगच्या चहादाण्या परंपरेनं चाकावर करत नाहीत. मातीची पोळी थापून, वळवून, जोडून, लाकडी थापीनं बडवत पोट आणतात. हे पोरानं त्यांना पाच पानं वाचून सांगितलं होतं.

‘कशावरून?’

‘चाकाची रेघ नाय आतून. सांधलंय हे. हितं बघा, बोटाला लागतंय. तोटी मागून चिकटवली. आन् झाकण ह्याच्यावरच ठिवून भाजलंय, मून बसतंय असं.’ मग तिनं ती उन्हाकडं धरली. ‘हात चांगलाय. पन चाकाबिगर म्हंजे कुंभार नव्हं, सुतार असल कुनी. किती मावतंय यात? कपभर बी नाय. घरात चार मान्सं असली तर काय करतेत?’

‘चिमुकल्या पेल्यांत पितात. पुन्हा पुन्हा पाणी घालून.’

‘हौ का,’ म्हातारी म्हणाली. ‘दुष्काळ दिसतोय तिकडं बी.’

घरी येऊन मामांनी वर्ग दिला: ब. शेरा, ‘कारागिरी समाधानकारक. सही नाही. वयाचा पुरावा नाही.’ आता त्यांच्या कार्यालयीन पद्धतीत ब वर्गाला कुलूप नाही. कुलपाचं कपाट एक आहे, ते अ वर्गासाठी राखीव आणि म्हणून कायम रिकामं. चहादाणी उघड्या फळीवर राहिली.

धारेचं प्रात्यक्षिक मामा येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत. भोकावर बोट, धार बंद. बोट उचललं, धार सुरू. तोटीला थेंब नाही. पाहुणे ‘वा’ म्हणत आणि मोबाइल बघत. स्वयंपाकघराच्या दारातून मामी मात्र नीट बघत होत्या. समईत तेल घालताना बुधलीची धार जाड पडते, पदर तेलकट होतो, पाटावर डाग राहतात, ही त्यांची वीस-पंचवीस वर्षांची अडचण. एका संध्याकाळी मी गेलो तर मामा वाचनालयात गेलेले, आणि मामी देवापुढं बसून चहादाणीनं समईच्या पाचही वाती भरत होत्या. रेशमाच्या दोऱ्याएवढी धार. बोट ठेवलं, धार थांबली. पुढची वात. पाटावर थेंब नाही. मामींनी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, ‘काहीतरी कामाची वस्तू आणली बाई पोरानं.’ मग पदरानं ती बाहेरून पुसून फळीवर होती तशी ठेवून दिली.

हे किती महिने चाललं कुणास ठाऊक. एकदा बोलावणं आलं, ताबडतोब या. मामा भिंग घेऊन बसले होते.

‘बघा. काही दिसतंय?’

दिसत होतं. कोरडी, मातकट चहादाणी आतून उजेड आल्यागत दिसत होती. तांबूस रंग खोल झाला होता आणि अंगावर मऊ झळाळी होती.

‘ही झळाळी नव्या मालाला येत नाही. नकली माल विकणारे बुटाचं पॉलिश लावतात, मला ठाऊक आहे. वास घेतला. पॉलिश नाही.’ मामांनी चहादाणी माझ्या नाकाशी आणली. ‘कशाचा वास येतो?’

करडईच्या तेलाचा येत होता. थोडा उदबत्तीचाही.

‘देवघराचा येतो,’ मी म्हणालो, आणि यात खोटं काही नव्हतं.

मामांनी टेबलावर थाप मारली. ‘देवघराचा! म्हणजे मंदिराचा. वस्तू मंदिरात राहिलेली आहे. जिनशा मंदिर!’ स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज झाला. मामींनी बाहेर डोकावून काही बोलायला तोंड उघडलं, मामांच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि पुन्हा आत गेल्या.

त्याच रात्री अ वर्ग दिला गेला. हिरव्या शाईनं. टिचकी मारून मामांनी तिरकी मान सरळ केली आणि ‘वा’ म्हणाले. तो दुसरा आवाज असा असतो तर. लातूरला फोन गेला. पोरगं बिचारं प्रामाणिक. ‘आजोबा, होस्टेलच्या कोपऱ्यावरच्या दुकानातून घेतली होती मी. साठ युआनला. मागं अशा शंभर होत्या.’

‘विकणाऱ्याला माहीत असतं,’ मामा शांतपणे म्हणाले, ‘तर त्यानं साठला दिली असती का?’

चहादाणी कुलपात गेली. तिसऱ्या दिवशी मामींनी ती मागितली. मामांनी कारण विचारलं. ‘देवाचं काम आहे,’ मामी म्हणाल्या. देवाच्या कामाला नाही म्हणण्याची हिंमत मामांच्यात नाही, आणि वस्तूचा पूर्वेतिहास मंदिराचाच असल्यानं हरकत घ्यायला आधारही नव्हता. म्हणून उसनवारीची नोंदवही उघडली गेली. आता दर शनिवारी मारुतीला जाण्यापूर्वी मामी वहीत सही करून चहादाणी नेतात आणि आल्यावर सही करून परत करतात. वही मी पाहिलीय. पानंच्या पानं एकाच मजकुरानं भरली आहेत. ‘प्रयोजन: देवकार्य. वस्तू सुस्थितीत परत. झळाळीत वाढ. कारण: नैसर्गिक.’